न लपवलेला हिशेब

सावित्रीमाई म्हटले की आपल्यासमोर भिडेवाडा उभा राहतो, अंगावर येणारे शेणाचे गोळे उभे राहतात आणि हातात पुस्तक घेतलेली पहिली शिक्षिका उभी राहते. ते सारे खरे आहे. पण दरवर्षी ३ जानेवारीला तेवढेच सांगून, हार घालून आपण घरी जातो आणि माईंच्या आयुष्याचा निम्मा भाग मंडपाबाहेर राहून जातो. शाळेत आलेल्या मुलीला शिकवणे हे त्यांचे पहिले काम होते. जे मूल शाळेपर्यंत पोचणारच नव्हते, ज्याला जन्मल्याबरोबर विहिरीत टाकले जाणार होते, दुष्काळात जे रस्त्याच्या कडेला मरणार होते, त्या मुलासाठी त्यांनी काय केले, ते आज मुद्दाम सांगायचे आहे.

मुद्दाम सांगायला कारण घडले आहे ते खडवलीत. मध्य रेल्वेवर टिटवाळा आणि वाशिंद यांच्यामधले हे स्टेशन. शेजारून भातसा वाहते, सुट्टीच्या दिवशी मुंबई-ठाण्याची माणसे डुंबायला येतात. आजूबाजूला फार्महाऊस, आदिवासी पाडे आणि वीटभट्ट्या. २०२५ च्या एप्रिल महिन्यात इथल्या एका विनापरवाना वसतिगृहातून २९ मुलांना बाहेर काढावे लागले. त्यात २० मुली होत्या. मारहाणीचे आणि लैंगिक छळाचे आरोप झाले, गुन्हा नोंदवला गेला, अटका झाल्या. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. त्याबद्दल वकील म्हणून मी इथे एक शब्दही जास्त बोलणार नाही. पण नोंदणी नसताना मुले ठेवली गेली, एवढी गोष्ट तरी सर्वांच्या डोळ्यांदेखत घडली. कल्याणपासून कसाऱ्यापर्यंत आपल्या शाखा आहेत, विहारे आहेत, महिला मंडळे आहेत. त्यांपैकी कितींनी आपल्या हद्दीतल्या एखाद्या वसतिगृहाचे नोंदणीपत्र आजवर मागून पाहिले? आणि अशा ठिकाणी मुले कोणाची जातात हे कळायला सर्वेक्षणाची गरज नाही. भट्टीवर बिऱ्हाड हलवणाऱ्या कातकऱ्याची जातात, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराची जातात, नवऱ्याने टाकलेल्या बाईची जातात. पोटभर जेवण आणि शाळा मिळेल या एका आशेवर आईबाप पोर सोडून येतात.

सावित्रीमाईंच्या घरीही मुले अशीच सोडली जात होती. म्हणूनच त्या घराचा कारभार आज तपासून पाहण्यासारखा आहे.

सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी ३ जानेवारी १८३१ रोजी माईंचा जन्म झाला. १८४० साली लग्न झाले तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या आणि जोतिराव तेरा वर्षांचे. आजच्या कायद्याने ते दोघेही बालक ठरले असते आणि लग्न लावणारे आरोपी. मुलींच्या लग्नाचे वय चौदा करणारा शारदा कायदा यायला तेव्हा अजून ८९ वर्षे होती. बालपण हिरावून घेतलेल्या या पोरीच्या हाती जोतिरावांनी पाटी दिली. सगुणाबाई क्षीरसागरांची तिला साथ होती. पुढे अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे रीतसर शिक्षण झाले. १८४८ ला भिडेवाड्यातली शाळा सुरू झाली. १८४९ ला सासऱ्यांनी घराबाहेर काढले, उस्मान शेख यांनी आपल्या घरी थारा दिला. फातिमाबी तिथेच भेटल्या. हा सारा इतिहास आपल्या वाचकांना तोंडपाठ आहे, तो पुन्हा उगाळत बसत नाही.

त्यातली एकच गोष्ट मात्र सोडवत नाही. फुले दांपत्याच्या शाळेत मुक्ता साळवे ही मांग समाजातली विद्यार्थिनी शिकत होती. १८५५ साली तिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो ज्ञानोदयात छापून आला. धर्माच्या नावाने आपल्या माणसांचे काय हाल केले जातात, बाळंतपणात आपल्या बायांवर छपराविना काय वेळ येते, हे त्या पोरीने पुण्याच्या भटशाहीला तोंडावर विचारले. आजचा बालहक्काचा कायदा म्हणतो की मुलाला स्वतःच्या बाबतीत बोलण्याचा अधिकार आहे आणि मोठ्यांनी ते ऐकले पाहिजे. संयुक्त राष्ट्रांनी हे तत्त्व १९८९ च्या करारात घातले, भारताने तो करार १९९२ साली स्वीकारला. बुधवार, वेताळ या पेठांतून शाळा काढणाऱ्या एका जोडप्याने ते त्याआधी सव्वाशे-दीडशे वर्षे करून दाखवले होते. मूल काय म्हणते ते छापून आणण्याइतका विश्वास त्यांनी मुलावर टाकला. आपल्यातले किती शिक्षक, किती अधीक्षक आज हे करतील?

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

त्या काळच्या पुण्यात ब्राह्मणाची मुलगी आठ-दहा वर्षांची असतानाच विधवा व्हायची. तिचे केस उतरवले जायचे, पुनर्विवाह बंद. १८५६ ला विधवाविवाहाचा कायदा झाला होता, पण तो कागदावर. घरातलाच कोणी दीर, सासरा, आश्रित शास्त्री तिच्यावर हात टाकी आणि दिवस गेले की सारा गुन्हा तिच्या एकटीचा. मग जडीबुटीची विषारी औषधे, मग रात्रीची विहीर. पाप पुरुषाचे, शिक्षा बाईला आणि मरण पोराला. मनुस्मृतीच्या न्यायाची तीन कलमे सांगायची तर ती हीच.

काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेची हकीकत क्रांतिबा जोतीरावांनी स्वतः लिहून ठेवली आहे. त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याकडे ती स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्याने तिला फसवले. गर्भ पाडायचे उपाय झाले, ते फसले. मूल जन्मल्यावर लोकलाजेने घाबरलेल्या काशीबाईने त्याला मारून विहिरीत टाकले. प्रेत सापडले, खटला चालला, जन्मठेप झाली आणि तिला अंदमानला पाठवण्यात आले. शास्त्रीबुवांचे नाव आरोपपत्रात नव्हते. इंग्रजांचे दंडविधान १८६२ पासून लागू झाले होते. ते जातपात बघत नाही असा त्याचा लौकिक, पण त्या कायद्यालाही बाप दिसला नाही.

या गोष्टीवर दोन-चार दिवस हळहळून गप्प बसणारे सुधारक पुण्यात पुष्कळ होते. फुले पती-पत्नीने १८६३ च्या सुमारास आपल्या घराला लागूनच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. नावातच कामाचा उद्देश होता. ब्राह्मण आळ्यांतून, जिथे या विधवा कोंडलेल्या होत्या तिथल्या भिंतींवर, जाहिराती लावल्या गेल्या. मजकुराचा मतलब सरळ होता. इथे गुपचूप या, सुखरूप बाळंत व्हा. मूल न्यायचे असेल तर न्या, ठेवायचे असेल तर ठेवून जा, त्याचा सांभाळ इथे होईल. नाव सांगायची सक्ती नव्हती, बाप कोण हा प्रश्न नव्हता. येणारी बाई ब्राह्मणाची, ठेवणारे घर माळ्याचे, आणि त्याच घराच्या आवारातला पाण्याचा हौद १८६८ साली अस्पृश्यांसाठी खुला होणार होता. ज्यांच्या घरच्यांनी शाळेला जाताना माईंवर शेण फेकले, त्यांच्याच लेकीसुनांची बाळंतपणे माईंनी केली, त्यांची गुवामुताची धुणी धुतली. हा सूड म्हणायचा की काय म्हणायचे ते वाचकांनी ठरवावे. माझ्या मते माईंनी तेव्हा आईची जात पाहिली नाही, कारण त्यांना मूल दिसत होते.

आता तो हिशेब. बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यावर टिपणे काढून सरकारदरबारी विषय नेला, तेव्हा जोतिरावांनी ४ डिसेंबर १८८४ रोजी आपले मत लेखी दिले. त्यात या गृहाचे आकडे आहेत. सुरुवातीपासून तोपर्यंत ३५ विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी पाच जगली, तीस गेली. आयांनी आधीच घेतलेल्या विषारी औषधांनी पोटातच इजा झालेली ती लेकरे होती.

पस्तीसातली पाच. आज एखाद्या संस्थेच्या अहवालात असा आकडा कोणी छापील का? देणगीदार जातील, अनुदान बंद होईल, बदनामी होईल म्हणून तो झाकला जाईल. जोतिरावांनी तो सरकारला कळवला, कारणासकट कळवला, आणि कारणाचे बोट थेट त्या व्यवस्थेकडे दाखवले जिने या बायांना विष घ्यायला लावले होते. मेलेल्या तीस मुलांची मोजदाद ठेवली गेली, कारण त्या घरात ती तीस मुले माणसे होती. विहिरीत गेलेल्यांची मोजदाद पुण्यात कोणाकडेच नव्हती. मी बालकांच्या कायद्याची कागदपत्रे वर्षानुवर्षे वाचत आलो आहे, आणि माझे मत असे बनले आहे की मुले ठेवणाऱ्या संस्थेची पहिली परीक्षा तिच्या भिंतींच्या रंगात नसते, तिच्या नोंदवहीत असते. किती आली, किती गेली, कोणाला ताप आला, कोण पळून गेले, कोण मेले आणि का. जिथे ही वही नाही किंवा बाहेरच्याला दाखवली जात नाही, तिथे काहीतरी शिजते आहे असे खुशाल समजावे.

२०१५ चा बाल न्याय कायदा हेच वेगळ्या भाषेत सांगतो. काळजी व संरक्षणाची गरज असलेली मुले ठेवणारी कोणतीही संस्था, सरकारी पैसा घेत असो वा नसो, कलम ४१ प्रमाणे नोंदलेली असली पाहिजे. नसेल तर कलम ४२ खाली चालवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. आणि अर्ज करायला तीस-तीस दिवसांचा उशीर म्हणजे दरवेळी नवा गुन्हा. कलम ५४ खाली तपासणी समितीने तीन महिन्यांतून एकदा तरी प्रत्येक संस्थेत गेलेच पाहिजे, आणि त्या पथकात निदान एक बाई व एक डॉक्टर असला पाहिजे. कायदा वाईट नाही. पण तपासणी होते ती नोंदलेल्या संस्थेची. जी कागदावर नाहीच, तिच्या दारी समिती जाणार कशी? तिथे पहिला डोळा शेजाऱ्याचा लागतो, दूधवाल्याचा, रिक्षावाल्याचा, शाळेच्या बाईंचा लागतो. गावपातळीवर सरपंचाच्या अध्यक्षतेखाली बाल संरक्षण समिती असते. किती गावांत तिची बैठक होते हे ज्याने त्याने आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन विचारावे. १०९८ हा नंबर फुकट लागतो. आणि पालक नसलेले, हरवलेले मूल कोणालाही सापडले तर चोवीस तासांत पोलिसांना, चाइल्डलाइनला, बाल कल्याण समितीला किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवणे ही त्या माणसाची जबाबदारी आहे. त्यात हयगय हाही गुन्हा आहे, हे आपल्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे?

गंजपेठेतल्या त्या जाहिरातीचे वारसदार कलमही याच कायद्यात आहे. नाइलाज झालेल्या आईला आपले मूल बाल कल्याण समितीसमोर स्वाधीन करता येते. कलम ३५ प्रमाणे तिला फेरविचाराला दोन महिने मिळतात. आणि परिस्थितीपुढे हरून मूल टाकलेल्या जन्मदात्यांवर क्रूरतेचा गुन्हा लावताना कलम ७५ त्यांची बाजू आधी धरते. काशीबाईला हे मिळाले असते तर ती अंदमानला गेली नसती. पण अजूनही उकिरड्यावर, रेल्वे रुळाकडेला अर्भके सापडतात आणि पोलीस आधी आईला शोधायला निघतात. कायदा बदलला, शास्त्रीबुवा अजून आरोपपत्राबाहेरच आहेत.

माईंचे घर हे केवळ बाळंतिणींचे घर नव्हते. बाहेरगावची मुले शिकायला येत, ती तिथेच राहत, जेवत. मुंबईचे लक्ष्मण कराडी जाया यांनी तिथे अनुभवलेली माया पुढे लिहून ठेवली. त्यातून दिसते की पंगतीत कोण कुठल्या जातीचे हे त्या घरात पाहिले जात नव्हते. आज वसतिगृह म्हटले की आपल्याला सरकारी योजना आठवते. सोलापूरला ४ जानेवारी १९२५ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेचे वसतिगृह सुरू करताना बाबासाहेबांच्या मागे हीच परंपरा उभी होती. बाबासाहेबांनी जोतिरावांना गुरू मानले ते काही केवळ पुस्तके वाचून नव्हे. राज्यघटनेतले चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात, खाणीत न लावण्याचे २४ वे कलम आणि बालपणाचे शोषणापासून रक्षण सांगणारे ३९ वे कलम वाचताना मला गंजपेठेतले घर दिसते.

आणखी एक प्रसंग आहे. तो आपल्या सभांत फारसा सांगितला जात नाही याचे मला आश्चर्य वाटते. १८६८ च्या ऑगस्टमध्ये माई नायगावला माहेरी होत्या. तिथून त्यांनी जोतिरावांना पत्र लिहिले, ते आज त्यांच्या समग्र वाङ्मयात उपलब्ध आहे. पोथी-पंचांगावर पोट भरणारा गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची महाराची मुलगी यांचे जमले. मुलीला दिवस गेले. गावाला कळले तेव्हा गावकऱ्यांनी दोघांना गावातून मिरवत, मारत, ठार करायचे ठरवले. माई धावत तिथे गेल्या. त्यांनी गावकऱ्यांना ना धर्म सांगितला ना दया मागितली. इंग्रजी कायद्यात माणूस मारल्याची शिक्षा काय आहे त्याची भीती घातली. गाव मागे हटले. दोघांनी गाव सोडावे एवढ्यावर सुटका झाली आणि माईंनी त्यांना पुण्याला जोतिरावांकडे धाडले. त्या दिवशी तीन जीव वाचले, त्यातला एक अजून जन्मायचा होता. सैराट पाहून रडणाऱ्यांनी हे पत्र एकदा वाचावे. हातात सनद नसलेली सदतीस वर्षांची बाई जमावासमोर एकटी उभी राहते आणि दंडविधानाचा असा उपयोग करते, हे पाहून आम्हा काळ्या कोटवाल्यांनी मान खाली घालावी.

मग १८७६-७७ चा दुष्काळ आला. दख्खनमध्ये माणसे आणि जनावरे रस्त्यांवर मरू लागली. आईबाप गेले तर पोर एकटे उरे, नाहीतर भुकेपायी आईबापच त्याला सोडून जात. सत्यशोधक समाजाने गावोगाव केंद्रे काढली. पुण्याजवळ धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम उभा राहिला आणि १८७७ च्या मे महिन्यात जोतिरावांनी मदतीचे आवाहन वर्तमानपत्रातून प्रसिद्ध केले. मुलांच्या भाकऱ्या थापणाऱ्या बायांत माई स्वतः होत्या. आणि केवळ भाकरी थापून त्या थांबल्या नाहीत. त्याच वर्षी २० एप्रिलला जुन्नर भागातल्या ओतूरहून त्यांनी जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात एक वेगळीच लढाई आहे. सावकारांनी चिडून सत्यशोधक कार्यकर्त्यांविरुद्ध कागाळ्या केल्या, दंगेखोर म्हणून पन्नास जणांना पकडले गेले. कलेक्टर आला तेव्हा माईंनी त्याच्याशी तोंडावर वाद घातला आणि आमची माणसे काय करीत आहेत ते दाखवून दिले. कार्यकर्ते सुटले, वर कलेक्टरने ज्वारीच्या चार गाड्या पाठवल्या. आजच्या भाषेत एकाला सेवा प्रकल्प म्हणतात आणि दुसऱ्याला पाठपुरावा, आणि दोन्हींसाठी वेगवेगळ्या संस्था, वेगवेगळे निधी असतात. माई सकाळी भाकरी थापत होत्या आणि दुपारी कलेक्टरला जाब विचारत होत्या.

याच ओघात १८८२ चा उल्लेख केला पाहिजे. हंटर आयोगापुढे जोतिरावांनी निवेदन दिले आणि निदान बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. शेतकऱ्यांच्या, महार-मांगांच्या पोरांनी भरलेला सरकारी खजिना वरच्या जातींच्या कॉलेजांवर उधळला जातो, हा त्यांचा मुद्दा होता. घटनेत २१-क कलम यायला २००२ उजाडले आणि शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मधल्या सव्वाशे वर्षांत बहुजनांच्या किती पिढ्या गुरे राखत मेल्या, त्यांचा हिशेब कोणत्या आयोगाने ठेवला आहे?

फुले दांपत्याला स्वतःचे मूल नव्हते. जोतिरावांनी दुसरे लग्न करावे म्हणून नातलगांनी तगादा लावला, त्यांनी तो धुडकावला. १८७४ साली, त्यांच्याच गृहात जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला त्यांनी आपले म्हटले. तो यशवंत. आपण ही गोष्ट कौतुकाने सांगतो, पण तिच्यातला धोका सांगत नाही. त्या काळचे धर्मशास्त्र मानणाऱ्या हिंदू कायद्यात वेगळ्या जातीचे, बाप माहीत नसलेले मूल दत्तक घेणे म्हणजे भाऊबंदांच्या हाती खटला देणे. जातीची अट काढून टाकणारा, मुलगीही दत्तक घेता येईल असे सांगणारा कायदा यायला १९५६ उजाडावे लागले, आणि त्यामागे बाबासाहेबांच्या हिंदू कोड बिलाची लढाई होती. म्हणून १० जुलै १८८७ च्या जोतिरावांच्या मृत्युपत्राकडे मी एक वकील म्हणून फार आदराने पाहतो. यशवंत तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा होता. मृत्युपत्र करून त्यांनी त्याला वारस नेमला आणि माईंच्या हाती त्याचे शिक्षण, त्याचा सांभाळ सोपवला. प्रेम होतेच, पण प्रेमाच्या भरवशावर त्यांनी मूल सोडले नाही, कागद करून ठेवला. आपल्या वस्त्यांत बहिणीचे, मेलेल्या भावाचे पोर वाढवणारे कितीतरी लोक आहेत. पोर सोळा वर्षांचे होते आणि दाखल्यावर पालक म्हणून कोणाचे नाव लावायचे ते कळत नाही, जातीचा दाखला अडतो, शिष्यवृत्ती अडते. पालकत्वाचा कागद वेळेत करून घ्या, एवढे तरी या मृत्युपत्रातून शिकता येईल.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावर पुतण्याने वाद काढला. यशवंत दत्तक, त्याला हक्क नाही. ज्याची भीती होती तेच झाले. तेव्हा माई पुढे आल्या, टिटवे स्वतः हातात धरले, प्रेतयात्रेपुढे चालल्या आणि अग्नीही त्यांनीच दिला. बाईने स्मशानात जाऊ नये म्हणणाऱ्या त्या पुण्यात हे घडले. आपण याला स्त्रीमुक्तीचा क्षण म्हणतो, आणि तो आहेच. पण त्या क्षणी एका सतरा वर्षांच्या मुलाच्या बापाच्या प्रेतासमोर त्याचे मुलगेपण नाकारले जात होते, आणि त्याची आई मध्ये उभी राहिली होती, असेही त्याच्याकडे पाहता येते.

पुढे माईंनी सत्यशोधक समाजाची धुरा सांभाळली, १८९३ च्या सासवडच्या परिषदेचे अध्यक्षपद भूषवले. यशवंत शिकला, डॉक्टर झाला, सैन्यात नोकरीला लागला.

१८९७ च्या सुरुवातीला पुण्यात प्लेग पेटला. मुंबईत त्याच साथीने ९ फेब्रुवारीला नारायण मेघाजी लोखंडे या आपल्या ठाण्याच्या सत्यशोधकाचा बळी घेतला होता. माईंनी यशवंतला बोलावून घेतले आणि हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर, गावापासून दूर, दवाखाना उघडला. लोक भिऊन रोगी लपवीत होते. महारवाड्यातल्या रोग्याला तर हात लावायलाही कोणी नव्हते. मुंढव्याच्या महारवाड्यात बाबाजी गायकवाड यांचा पांडुरंग नावाचा मुलगा प्लेगने पडला आहे असे माईंना कळले. त्या गेल्या. गाडीघोडा नव्हता. सहासष्ट वर्षांच्या माईंनी त्या पोराला पाठीवर घेतले आणि मुंढव्याहून ससाण्यांच्या माळापर्यंत आणले. त्यात त्यांना संसर्ग झाला. १० मार्च १८९७ रोजी रात्री त्या गेल्या. त्या दवाखान्याचा डॉक्टर होता यशवंत, गंजपेठेतल्या घरात जगलेल्या पाच मुलांपैकी एक.